एका वेळी एकजण

जुन्या लॅपटॉपला नव्या विंडोजचा भार पेलवेना, म्हणून मी त्यावर नुसतं लिनक्स टाकलं. चित्रं नाहीत, माऊस नाही. चालू केला की काळा पडदा, एक ओळ आणि तिच्या टोकाशी लुकलुकणारा कर्सर. पुतणी डोकावून म्हणाली, "काका, बिघडला वाटतं." बिघडला नव्हता, मी काय म्हणतो याची वाट बघत होता. माझ्या फोनला हे जमत नाही. मी तोंड उघडायच्या आत तो दहा गोष्टी सुचवून मोकळा होतो. इथे आपल्याला काय हवंय ते आधी आपल्यालाच ठाऊक असावं लागतं, आणि दहातल्या आठ वेळा ते ठाऊक नसतं.

डोक्याला आठवायच्या आत बोटांनी 'एल एस' टाइप केलं आणि फाइलींची यादी उलगडली. ही सवय जुनी. देशात 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी 500 रुपयांचं खातं निघालं, ते मीही घेतलं. त्यात फक्त अक्षरं मिळत. मेल पाइनमध्ये वाचायची, वेब लिंक्समध्ये बाणांच्या कळा दाबत बघायचं. रात्री मोडेम किंचाळत जोडला जायचा आणि नेमकी तेव्हाच आईला मावशीची आठवण यायची. स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलून ती विचारायची, "अरे, यात कोण शिट्ट्या मारतंय?" मी "आई, ठेव ना गं!" म्हणेपर्यंत लाइन तुटलेली असायची.

मोडेमवरून फोन लावून चिठ्ठ्या वाचायचे-लिहायचे ते बुलेटिन बोर्ड मात्र माझे हुकलेच. मुंबईत तेव्हा काही हौशी मंडळी ते चालवत. डोंबिवलीत बसून मला त्यांची गंधवार्ता नव्हती. या बोर्डांची गोष्ट मी आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर वाचली. जानेवारी 1978 मध्ये शिकागोत प्रचंड हिमवादळ झालं, माणसं घरात अडकली. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे तिथल्या संगणकहौशींच्या क्लबातले दोघे मित्र. क्लबात भिंतीवर बुचाचा फळा होता, त्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावायच्या. तोच फळा फोनवर आणता येईल का, हा त्यांचा प्रश्न. ख्रिस्टेन्सनने प्रोग्रॅम लिहिला, स्यूसने यंत्र जोडलं आणि 16 फेब्रुवारीला 'सीबीबीएस' सुरू झाला.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की यंत्र स्यूसच्या घरात होतं आणि फोनची लाइन एकच. म्हणजे एका वेळी एकजण. बाकीच्यांना एंगेज टोन. आत गेलेल्याने आधीच्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, आपली लावायची आणि निघायचं, कारण बाहेर कोणीतरी ताटकळतंय. वेग 300 बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं. साधारण आपण वाचतो त्याच चालीने ओळ पडद्यावर उमटायची. कोणी म्हणेल ही गैरसोय. मला मात्र ते कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसण्यासारखं वाटतं. चपला बाहेर काढायच्या आणि बेतानं बोलायचं. लाखो लोक एकदम बोलतात तिथे असं बेतानं कोण बोलणार?

असे बोर्ड अजून आहेत. फोनच्या तारेवरून ते इंटरनेटवर, टेलनेटने जोडायचे झाले, एवढंच. मला सापडलेला बोर्ड कॅनडातले एक निवृत्त गृहस्थ चालवतात. यजमानाला तिथे सिसॉप म्हणतात. आत शिरताच शेवटच्या दहा पाहुण्यांची यादी दिसते. माझ्या आधीचा माणूस तीन दिवसांपूर्वी येऊन गेला होता. मी चिठ्ठी लिहिली आणि हौसेनं शेवटी देवनागरीत 'नमस्कार' जोडला.

चौथ्या दिवशी सिसॉपचं उत्तर आलं. मजकूर पोचला, पण शेवटी हे सात अल्फा कशाचे? त्यांचा बोर्ड जुन्या डॉसच्या वर्णसंचावर चालतो, त्यात फक्त 256 चिन्हं. आपली देवनागरी मात्र दर चिन्हाला तीन बाइट घेते, आणि त्यातला पहिला बाइट तिथे नेहमी ग्रीक अल्फा होऊन उमटतो. त्याच्या मागे दर वेळी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, लहान किंवा मोठा. माझा नमस्कार त्यांच्याकडे 21 चिन्हांची वरात होऊन गेला होता.

मी बोटांवर मोजलं. न, म, स, क, काना, र. सहाच भरले. पुन्हा मोजलं. सातवा होता 'स'चा पाय मोडणारा हलन्त, जो कागदावर दिसत नाही आणि उच्चारताही येत नाही. हे सगळं इंग्रजीत समजावून सांगताना पाऊण तास गेला. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: म्हणजे तुमच्या नमस्कारात एकजण गप्प उभा असतो.

आज पुन्हा डोकावलो. यादीत शेवटचा पाहुणा अजून मीच होतो.