दंडाची साक्ष

मराठीत ‘दंड’ या शब्दाचे अर्थ अनेक. न्यायालयात तो भरावा लागतो, तालमीत तो काढावा लागतो, आणि खांदा व कोपर यांच्या मध्ये तो परमेश्वराने प्रत्येकास फुकट दिलेला आहे. पहिल्या अर्थावर आमचा चरितार्थ चालतो. दुसऱ्याशी आमचा संबंध विद्यार्थिदशेतच संपला. आणि तिसऱ्याविषयी अभिमानाने लिहावे असे आमच्या स्वतःच्या ठायी काही नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात या तिन्ही अर्थांची गाठ आमच्या फोंड्याच्या कचेरीतच पडली, आणि तीही एका चोवीस वर्षांच्या तरुणाच्या निमित्ताने.

हा मुलगा देवस्थानात पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत आलेल्या एका घरातला. पाच वर्षे नित्यनेमाने जिममध्ये जातो. देह असा कमावलेला की शिंपी त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना निराळे माप घेतो. एका सरकारी भरतीत तो लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, धावण्यात पहिल्या काही जणांत आला, आणि वैद्यकीय तपासणीत मात्र ‘रक्तदाब १५४/७८, अपात्र’ असा शेरा घेऊन घरी परतला. फेरतपासणीच्या अर्जाला दिवस थोडे होते. आई कागद घेऊन आली ती थेट म्हणाली, “वकीलबाब, आमी कोर्टांत वचूंया.” कोणा वजनदार माणसाच्या चिरंजीवासाठी आपल्या मुलाची जागा मोकळी केली, याविषयी त्या माउलीला तिळमात्र शंका नव्हती. वडिलांचे मत अगदी उलट. कन्नड चित्रपटांतील नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी व्यायामानंतर अस्वस्थ होऊन अवघ्या ४६ व्या वर्षी गेले, ती बातमी त्यांच्या मनात घर करून बसली होती. मुलगा खरोखरच आजारी आहे अशी त्यांची खात्री झाली होती. मुलगा बिचारा दोघांच्या मध्ये बसून नखे कुरतडीत होता. नोकरी गेली हे दुःख एक, आणि आपल्याच शरीराने आपल्याविरुद्ध साक्ष दिली हे दुसरे. ते दुसरेच त्याला अधिक लागले होते, असे आम्हांला वाटले.

साक्षीदार प्रतिकूल बोलला म्हणजे वकील प्रथम त्याला खोटे ठरवीत नाही. तो कोठे उभा होता, काय पाहू शकत होता, एवढेच विचारतो. आम्हीही तेच विचारले. मोजणी केव्हा झाली? दोन तास रांगेत उभे राहून, जिना चढून वर गेल्याबरोबर. पोटात काय होते? सकाळपासून दोन पेले काळी कॉफी. हात कोठे ठेवला होता? बाजूला लोंबत होता. मोजणारा काही बोलत होता काय? होय, गाव कुठले म्हणून विचारीत होता, आणि हा उत्तर देत होता. आणि दंडाला बांधायचा पट्टा? तो पुरेसा गुंडाळलाच जात नव्हता. हवा भरली की त्याची चिकटपट्टी टर्रकन सुटे, तेव्हा त्या गृहस्थाने ती हाताने दाबून धरली. किती वेळा मोजले? एकदा. आम्ही त्याच्या आईला सांगितले की कोर्ट राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

या पट्ट्याला डॉक्टर मंडळी ‘कफ’ म्हणतात. वैद्यबुवांच्या कफाशी त्याचे काही नाते नाही, परंतु बिघडला म्हणजे तोही सारी प्रकृती खोटी दाखवितो, हे साम्य मानावे लागेल. पट्ट्याच्या पोटात रबराची पिशवी असते. ती फुगून दंडातील रोहिणी दाबते, आणि ज्या दाबाला रक्ताचा प्रवाह थांबतो व पुन्हा वाहू लागतो तो आपण मोजतो. पिशवी दंडाच्या मानाने लहान असली तर तिचा दाब आतपर्यंत सारखा पोहोचत नाही. रोहिणी मिटवण्यास वाजवीपेक्षा जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवाच रक्तदाब म्हणून लिहिली जाते. ही गोष्ट आजची नव्हे. इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली असा पट्टा प्रथम वापरात आणला, तो फारच अरुंद होता. आणि १९०१ मध्येच जर्मनीच्या रेकलिंगहाउसेन यांनी दाखवून दिले की अरुंद पट्टा आकडा फुगवितो. सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट आमच्याकडील किती दवाखान्यांत टेबलावर दिसते? पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर वेढावा असा नियम आहे. नेहमीचा पट्टा २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी, मोठा ३५ ते ४४ साठी. आमच्या या मुलाच्या दंडाचा घेर भरला ४१ सेंटिमीटर. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केले. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ ने वाढला, आणि त्याहूनही मोठा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर सुमारे २० ने. तेथूनच २०२४ साली हाताच्या ठेवणीचाही निकाल आला: हात टेबलावर हृदयाच्या पातळीस न ठेवता बाजूला लोंबत ठेवला तर वरचा आकडा सरासरी साडेसहाने चढतो.

पट्टा, हात, कॉफी, जिना, संभाषण, ही सर्व मंडळी एका बाजूला बसली म्हणजे निरोगी माणसाचा आकडा कोठे जाईल याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्यात भरतीची धास्ती ही निराळीच.

डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटे शांत बसविले. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि तोंड बंद. मोठा पट्टा बांधून दोनदा मोजले तर १३८/७६ आणि १३६/७४. म्हणजे १५४ नव्हे, परंतु निश्चिंत व्हावे असेही नव्हे. याला कारण काय, असे आम्ही विचारले, तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते समुद्रकाठच्या माणसाला चटकन समजावे असे होते. खोल पाण्यात लाट विशेष दिसत नाही, किनाऱ्याजवळ येताना ती उंचावते. तरुणाच्या लवचिक रोहिण्यांतही हृदयापासून निघालेली नाडीची लाट दंडापर्यंत येईतो उंचावते. सबब दंडावरचा वरचा आकडा हृदयाजवळील मुख्य रोहिणीतल्या दाबापेक्षा बराच अधिक असू शकतो, आणि खालचा आकडा साधाच राहतो. उंच, व्यायामी तरुणांत हे विशेष आढळते. सिडनीचे मायकेल ओरूर्क यांनी २००० साली याला तरुणांतला ‘आभासी’ रक्तदाब म्हटले.

हे ऐकून आम्ही खूष होणार तोच डॉक्टरांनी उलट बाजूही पुढे ठेवली. शिकागोमध्ये १८ ते ४९ वयाच्या सुमारे २७ हजार लोकांचा सरासरी ३१ वर्षे मागोवा घेतला गेला; २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की ज्यांचा फक्त वरचा आकडा चढा होता, त्यांनाही पुढे हृदयविकाराचा धोका सामान्यांपेक्षा अधिक होता. तेव्हा ‘आभासी’ हा शब्द प्रत्येकाच्या कागदावर डोळे मिटून लिहिता येत नाही.

येथे आमच्या शास्त्राची आणि त्यांच्या शास्त्राची वाट वेगळी होते. १८७२ च्या पुरावा कायद्यात अमुक इतके साक्षीदार हवेतच असा दंडक नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तीच भूमिका ठेवली आहे. विश्वासार्ह असला तर एकाच साक्षीदारावर खून सिद्ध होतो. रक्तदाबाच्या न्यायालयात मात्र एकट्या साक्षीवर सहसा शिक्षा नाही. आकडा १८०/१२० च्या पुढे जाऊन छातीत कळ, धाप, दृष्टी अंधुक किंवा बोबडी वळणे असे काही असेल, तर साक्षीपुराव्याची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे, हा अपवाद. एरवी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजावे, किंवा चोवीस तास दंडावर यंत्र बांधून ठेवावे. घरच्या मोजणीत १३५/८५ आणि चोवीस तासांच्या सरासरीत १३०/८० ही सीमा मानतात. आमच्या पक्षकाराची घरची सरासरी १२८/७४ निघाली, यंत्राची १२४/७२. ते कागद जोडून मुदतीत अर्ज केला. फेरतपासणीस तो मोठा पट्टा पिशवीत घालूनच गेला, आणि पात्र ठरला. आम्ही एका अर्जाखेरीज काही केले नाही, तरी त्याच्या आईने आणलेला नारळ घ्यावाच लागला.

प्रकरण एवढ्यावर संपते तर हा लेख लिहिलाच नसता. ही वार्ता जिममध्ये पोहोचली आणि तेथे तिला भलतेच रूप आले: ‘आपले दंड मोठे, म्हणून आपला आकडा खोटा.’ जोरकस शरीर हा जणू सर्व आरोपांवरचा रामबाण बचाव! कॅनडात १९८५ साली पाच शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीत नळी घालून वजन ढकलताना दाब मोजला गेला. दोन्ही पायांनी वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला, एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. श्वास कोंडून जोर लावण्याचा हा परिणाम (प्राणायामातील कुंभकाशी याची गल्लत करू नये). तो दाब वजन ठेवताच झपाट्याने उतरतो, आणि निरोगी शरीर तो सोसते. परंतु ज्याच्या रोहिण्या विश्रांतीतही ताणलेल्या आहेत त्याच्यावर हा भार कसा पडेल, याचा विचार करण्यास वैद्यकीची पदवी लागत नाही.

त्याच जिममधला दुसरा एक मुलगा, वय २६, पालखीचा पुढचा दांडा दरवर्षी ज्याच्या खांद्यावर असतो तो, मित्राचा मोठा पट्टा गमतीने बांधून बसला. १५८/१०४. पुन्हा मोजले, तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी, तेच. येथे खालचा आकडाही चढलेला होता, आणि त्याला लाटेचे निमित्त लागू पडत नव्हते. डॉक्टरांनी प्रथम मूत्रपिंडाची चौकशी केली. बलदंड माणसाच्या रक्तात क्रिएटिनिन स्नायूंमुळे, किंवा क्रिएटिनची भुकटी घेतल्यामुळे, उगाच वाढलेले दिसू शकते; म्हणून सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणीही करून घेतली. हातापायांच्या दाबात तफावत आहे का ते पाहिले, कारण मुख्य रोहिणी जन्मतः एके ठिकाणी अरुंद झालेली असली तर हातात दाब चढा व पायांत कमी मिळतो. झोपेत घोरतो काय, जाड मानेमुळे श्वास अडतो काय, हे विचारले. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक रोज घेतो काय, व्यायामाआधी उत्तेजक भुकटी घेतो काय, तेही विचारले. रक्ताचा अहवाल आला तेव्हा त्यात तांबड्या पेशींचे प्रमाण फार वाढलेले होते. मग डॉक्टरांनी त्याच्या आईला काही निमित्ताने बाहेर पाठविले, आणि दार लोटून घेतले.

चौदा महिने तो टेस्टोस्टेरोन आणि नँड्रोलोनची इंजेक्शने घेत होता. देणारा कोण, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. चिठ्ठीवाचून ही औषधे विकणे हा गुन्हा आहे, एवढे त्याला आम्ही सांगितले. या औषधांनी स्नायू फुगतात, तसे रक्त दाट होते, रक्तदाब चढतो, आणि हृदयाची भिंतही जाड होते. त्याच्या हृदयाची डावी भिंत किंचित जाड झालेली सोनोग्राफीत दिसली. ज्या दंडांकडे पाहून अख्खा वाडा याला निरोगी समजत होता, त्याच दंडांची ही दुसरी साक्ष.

इंजेक्शने बंद झाली आहेत. ती सोडल्यावर शरीराचे स्वतःचे कार्य काही काळ मंद राहते, मन खचते, म्हणून त्याला त्या विषयाच्या तज्ज्ञाकडेही पाठविले आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. लोणचे, पापड, खारे हे ताटातून उतरले आहेत. आकडा हळूहळू खाली येतो आहे, शेवटचा १३८/८८. आईला अद्याप कळलेले नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते ना, असे त्याने आम्हांला विचारले. राहते, असे आम्ही म्हटले, परंतु घरात ती त्यानेच सांगावी असेही सुचविले. त्यावर तो काही बोलला नाही. जत्रेत पालखी घेऊ का, एवढेच त्याने परवा डॉक्टरांना विचारले. घे, पण आदल्या दिवशी सकाळी मोठ्या पट्ट्याने दोनदा मोजून आकडा मला कळव, असे त्यांनी सांगितले आहे.