मुंब्र्याला उतरावं

कळवा सुटलं की लोकलच्या दारातला वारा बदलतो. त्यात खारट ओल येते, चिखलाचा वास येतो. कल्याणकडे तोंड केलं तर डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर रूळ, रस्ता, घरं, दुकानं, सगळं दाटीवाटीनं उभं. मान चांगली वर केली तर कड्याला बिलगलेलं मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. दिवेलागणीनंतर तर डोंगर काळोखात बुडतो आणि देऊळ तेवढं अधांतरी उरतं. डोंबिवली-कल्याणची माणसं रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायथ्यावरून जातात. पुष्कळजण गर्दीतून एक हात मोकळा करून कपाळाला लावतात, पुन्हा कडी धरतात. तोवर दिवा येतं.

माझ्या बहिणीची मुलगी इटलीत शिकते. लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं कोर्निल्या नावाचं गाव पाहून आली आणि फोनवर मला त्याचंच सांगत बसली. चिंक्वे तेर्रे ही तिथली समुद्रकाठची पाच गावं. चार पाण्याला टेकलेली, कोर्निल्या एकटंच सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर. स्टेशन खाली, गाव वर, मधे पावणेचारशेहून अधिक पायऱ्यांचा विटांचा जिना. "मग तिथे जाऊन करतात काय गं?" मी विचारलं. "विशेष काही नाही, मावशी. चढायचं. कठड्यावर बसून पाणी बघायचं. खाली बोगद्यातून गाड्या निघतात त्या बघायच्या. भूक लागली की खायचं, आणि उतरून पुढच्या गावाची गाडी धरायची."

हे सगळं मला पाठ असल्यासारखं वाटलं. खाली स्टेशन, वर कडा, समोर खारं पाणी, डोंगरातून निघणाऱ्या गाड्या. कळवा आणि दिवा यांच्यामधे हे सारं आहे. रेल्वेच्या बाबतीत तर आपण थोरले. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा त्यांचा किनारी लोहमार्ग १८७४ मध्ये पुरा झाला. ठाण्याहून खाडी ओलांडून, याच डोंगराला वळसा घालून कल्याणपर्यंतचा मार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजी, वीस वर्षं आधी.

सुट्टीत भाची घरी आली तेव्हा आम्ही दोघी मुंब्र्याला उतरलो.

चढण अंगावर येणारी आहे, पण पायऱ्या आहेत. खालच्या वस्तीचा गलका हळूहळू विरतो, बायपासवरच्या ट्रकांची घरघर मात्र बराच वेळ सोबत करते. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर याच डोंगराच्या कुशीतून वळतात. पायथ्याशी नारळ-फुलं घेऊन बसलेल्या आजींनी भाचीची बाटली रिकामी पाहिली आणि म्हणाल्या, "पानी भरून घे गो बाय, वर जाताना तान लागंल." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. ऊन कातळात मुरलेलं होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातूनच सह्याद्री घडला आणि त्याचा हा खाडीपर्यंत आलेला फाटा. थरांच्या भेगांतून पावसाळाभर पाणी झिरपतं, कड्यावरून धारा लागतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीतल्या माणसांना आपण कोकणात चाललोय असा क्षणभर भास होतो. चढायला मात्र तो काळ बरा नाही. शेवाळ धरतं, दरडी सुटतात.

वर देवीच्या नऊ मूर्ती आहेत. नवदुर्गांचं हे स्थान आगरी-कोळ्यांचं, आणि नवरात्रात साऱ्या ठाणे जिल्ह्याचं. पायऱ्या तेव्हा पहाटेपासून भरलेल्या असतात. खालचं शहर बहुतांशी मुसलमानांचं. देवळाच्या ओट्यावर बसलं की मशिदींचे मिनार दिसतात, अजान वर येते.

पण मला वर न्यायचं होतं ते खाडी दाखवायला. गाडीतून खाडी तुकड्यातुकड्यानं दिसते, खांबांच्या आणि डोक्यांच्या मधून. वरून ती पहिल्यांदा सलग दिसते. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूला उगम पावते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि कल्याणपासून पुढे नदी राहत नाही, भरतीचं पाणी तिच्यात शिरलेलं असतं. हिमयुग सरलं, समुद्र वर चढला आणि नदीचं जुनं खोरं बुडालं, ती ही खाडी. ठाण्याजवळ तिला दोन वाटा फुटतात. मोठी घोडबंदरवरून वसईला जाते, दुसरी ठाण्याच्या खाडीला मिळून मुंबई बंदराकडे. म्हणजे कल्याणला यायचं गलबत वसईच्या तोंडातून शिरो की मुंबईच्या, मुंब्र्याचा कडा त्याला टळत नव्हता.

हे एकदा लक्षात आलं की समोरचं पाणी रिकामं दिसत नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आहे. एके काळी ते कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं, पुढे सत्ता बदलली आणि चुकून तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला धाडली जाऊ लागली, असं तो लेखक सांगतो. मार्को पोलोच्या वर्णनात ठाणे आहे, तिथलं कातडं, सुती कापड आणि चाचे यांच्यासकट. भाचीला मी तोलेन्तिनोच्या थॉमसची गोष्ट सांगितली. मध्य इटलीतला हा फ्रान्सिस्कन साधू चीनला निघालेला असताना ठाण्यात येऊन पोचला आणि १३२१ मध्ये आपल्या सोबत्यांसह इथे मारला गेला. थोड्याच काळानं ओदोरिक नावाचा दुसरा इटालियन साधू ठाण्याला आला, त्यांच्या अस्थी त्यानं गोळा केल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या. तोलेन्तिनो तिला माहीत होतं, गाडीतून जाताना पाटी वाचलेली. ती बराच वेळ ठाण्याच्या दिशेला बघत राहिली.

मग कल्याणची बाजू. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि स्वराज्याचं आरमार या खाडीत आकाराला येऊ लागलं. पलीकडच्या काठाला, भिवंडी तालुक्यात, अंजूर. तिथल्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांविरुद्ध माणसं जोडली, पेशव्यांकडे खेपा घातल्या, आणि १७३७ मध्ये ठाणे, १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. शाळेत हे धडे वेगवेगळ्या पानांवर होते. कड्यावरून ते एकाच पाण्याच्या काठाला बसलेले दिसतात, आणि आपलं कोपर, आपलं मोठागाव, आपलं दिवा त्याच काठावर.

गाड्याही वरूनच बघाव्यात. डोंगर पोखरून केलेला सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा १९१६ चा. जलद गाड्यांना वळसा नको म्हणून तो खणला. पिढ्यान् पिढ्या जलद लोकलमधली माणसं त्याच्या काळोखात एकदम गप्प होत किंवा शिट्ट्या मारत. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकलही मुंब्र्याच्या वळणावरून जाऊ लागल्या. बोगदा लांबपल्ल्याच्या गाड्यांना मिळाला. वरून ते वळण पूर्ण दिसतं. दोन लोकल त्यावर एकमेकींना किती जवळून ओलांडतात ते दिसतं, आणि दारांबाहेर आलेली माणसंही दिसतात. ९ जून २०२५ च्या सकाळी इथेच दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली, काही घरी परतली नाहीत. ते वळण पाहताना पोटात कालवतं. दररोज लाखो माणसांना ज्यावरून जावं लागतं त्या वळणावर दारं मिटणाऱ्या पुरेशा गाड्या मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

भाचीनं डोंगराच्या उताराकडे बोट दाखवलं, तिला तिकडचे उतार आठवले. चिंक्वे तेर्रेचे उतार शेकडो वर्षांच्या दगडी बांधांनी धरून ठेवलेले आहेत. चुन्याशिवाय रचलेले बांध, त्यांवर द्राक्षवेली. युनेस्कोनं १९९७ मध्ये त्या साऱ्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं. तिथेही माणसं शेती सोडून गेली तिथे बांध ढासळले आणि दरडी आल्या. दोन गावांना जोडणारी समुद्राकाठची 'प्रेमाची वाट' २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली, ती पुन्हा पूर्ण खुली व्हायला २०२४ उजाडलं. बारा वर्षं लागली, पण त्यांनी तो कडा सोडला नाही. पारसिकच्या उतारावर झाडी विरळ होत गेली, कडा खणला गेला, ज्यांना शहरात दुसरी जागा परवडली नाही त्यांनी उतारावरच भिंती उभ्या केल्या. मूळ सैल झालं की पहिल्या मोठ्या पावसात माती सुटते. खाली खाडीत रेतीचा उपसा झाला, तिवरांवर भराव पडला, कारखान्यांचं पाणी आलं. निवट्या आणि चिंबोऱ्या आधी गेल्या की मागे कोळ्यांची जाळी खुंटीला लागतात. या डोंगराला आणि या पाण्याला तसेच बांध हवेत, झाडांचे आणि कायद्याचे, आणि ते बांधणारी माणसं इथलीच असली पाहिजेत, कारण ती रोज इथून जातात.

उतरल्यावर मुंब्र्याच्या बाजारात जेवावं. निहारी आहे, खिचडा आहे, तंदूरमधून निघणाऱ्या रोट्या आहेत, फालुदा आहे. रमजानच्या रात्री तर हे रस्ते झोपत नाहीत आणि ठाणे-डोंबिवलीचे खवय्ये मुद्दाम येतात. मांसाहार नको असेल तर फळांच्या गाड्या आणि गरम भजी कुठे चुकत नाहीत. भाचीनं दोन्हींचा समाचार घेतला.

जायचं तर भरती साधून जावं, कारण ओहोटीला खाडीचा अर्धा पट चिखल असतो. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाणी मुंब्र्यापर्यंत चढायला त्यावर आणखी थोडा वेळ धरायचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी बेतानं चढतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ते तिवरांच्या गळ्यापर्यंत येतं, पण दुपारच्या उन्हात चढावं लागतं. मधला मार्ग म्हणून द्वादशी घ्यावी. नवाची भरती, साडेसातला डोंबिवलीहून मुंबईकडची धीमी लोकल, मुंब्र्याला फलाटावर रेंगाळू नये, लगेच बाहेर पडावं, पाणी भरून घ्यावं. परतताना कल्याणकडच्या गाडीत डावीकडची खिडकी मिळाली तर कोपरपर्यंत सोडू नये.