का ते विचारायचंच

चि. मनू,


तुझं पत्र आणि मोज्यांचा फोटो, दोन्ही मिळालं. मोजे सुरेख झालेत. टाचेच्या कडेला एकही भोक पडलेलं नाही, हे फोटो मोठा करकरून पाहिलं. पण खाली लिहिलंयस, ‘व्हिडिओतली बाई सांगेल तसं करत गेले, टाच आपोआप वळली. का वळली ते विचारू नकोस.’ हे वाचल्यापासून मला चैन नाही. अक्कासारख्या विणणारीची नात असं लिहिते? मी तर तेच विचारणार.

टाच आपोआप वळत नसते, बाळ. तू 64 टाके घातलेस. त्यातले 32 पावलाच्या वरच्या भागासाठी तसेच ठेवलेस आणि उरलेल्या 32 वर पट्टी विणलीस. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा असतो. त्यामुळे 32 ओळी झाल्या की दोन्ही कडांना 16-16 लांबट टाके दिसतात. मग मधल्या टाक्यांवरच उलटसुलट फिरत, ओळीच्या शेवटी दोनाचा एक करत गेलं की मधे खोलगटपणा येतो आणि 32 चे 18 उरतात. आता कडेचे 16 आणि 16 उचल, वरचे 32 धर. झाले 82. म्हणून पुढे एकाआड एक फेरीत दोन-दोन टाके कमी करायचे. नऊ वेळा केलं की परत 64. एवढाच हिशेब आहे. तो कळला की उद्या बारीक पावलासाठी 56 टाक्यांचा मोजा तुझा तुला बसवता येईल, कुठल्या बाईची वाट बघावी लागणार नाही.

तुझा तो तपकिरी मफलर आठव. पुढून सगळं सुलट, मागून सगळं उलट. दोन्ही कडा वळकटीसारख्या गुंडाळल्या गेल्या आणि तू लोकरीला दोष दिलास. लोकर बिचारी काय करणार? सुलट-उलट टाक्यांची ओढ सारखी नसते, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि वरखालच्या पुढे. दोन सुलट, दोन उलट घातले असतेस तर ओढ दोन्हीकडे वाटली गेली असती, मफलर सपाट राहिला असता. तू मात्र त्यावर कडक इस्त्री फिरवलीस! ॲक्रिलिकला उष्णता लागली की त्यातली उभारी कायमची जाते, किती वेळा सांगितलं होतं.

आणि ती कानटोपी, जी पिंट्याच्या लेकाला घट्ट झाली? व्हिडिओत 8 नंबरची सुई म्हटली, तू आपल्या डब्यातली 8 नंबरची काढलीस. अमेरिकेतली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची, आपल्याकडची जुनी 8 नंबरची 4 मिलिमीटरची. तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्या जुन्या सुयांत बारीक. टोपी लहान होणारच. आधी चार बोटं रुंदीचा तुकडा विणून टाके मोजले असतेस तर एवढी लोकर उसवावी लागली नसती.

अक्काला वाचता येत होतं ते बेताचंच. पण एसटीत पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीवरचा नमुना पाहून घरी आल्या आल्या तो सुईवर उतरवायची. वेणी कुठे ओलांडली, जाळीसाठी धागा कुठे पुढे घेतला, सगळं तिला दिसायचं. कारण ती वीण वाचायची. तू ज्यांचं नाव घेतेस त्या एलिझाबेथ झिमरमन यांनी 1971 च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात दुसरं काय केलं? एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, स्वेटरच्या छातीच्या घेराने गुणा आणि बाकीची मापं त्या आकड्यावरून काढा. मनगटाला साधारण त्याचा पाचवा भाग. विणणारीच्या हातात नमुना न देता हिशेब दिला.

हल्ली सगळ्यांना कृती हवी असते, कारण नको. कुकरच्या शिट्ट्या मोजतात, डाळ दाबून बघत नाहीत. बँकेत दाखवतील तिथे सही करतात. गोळी कशासाठी ते न विचारता घेतात. मला याची फार धास्ती वाटते, मनू. सांगणारा नसला की असा माणूस जागच्या जागी अडतो. ज्याला एक टाका कळला, त्याचा सुटलेला टाका दहा ओळी खाली गेला तरी तो क्रोशाच्या सुईने पायरी पायरी वर आणतो. तू मात्र घाबरून सगळं उसवतेस.

आता तू बाळंतविड्याच्या ऑर्डरी घेतेयस म्हणे. कौतुक आहे, पण जीवही खाली-वर होतोय. दोन रंगांची नक्षी मोज्यांत आणि हातमोज्यांत घालू नकोस. आतून धागे लोंबतात, त्यांत तान्ह्याचं बोट अडकून आवळलं तर कळतही नाही, ते नुसतं रडत राहतं. टोपीला गळ्याखाली बांधायची लांब नाडी नको. गोंडे, मणी, बटणं तर नकोतच. हे कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नसलं तरी तुला सुचायला हवं.

आणि जाता जाता लिहिलंस की अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं, रात्री हात बधिर होतो. हे असं एका ओळीत उरकायचं असतं का? तू सुया आवळून धरतेस, लहानपणी पेन्सिलही तशीच धरायचीस. ऑफिसात दिवसभर माउस आणि रात्री एकपर्यंत सुया, हाताने करायचं तरी काय? सध्या काम थांबव. ज्यांच्या ऑर्डरी आहेत त्यांना उशीर होईल म्हणून स्पष्ट सांग, कुणी रागावलं तर रागावू दे. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि बधिरपणा कशामुळे येतो ते त्यांना विचारून मला कळव. नुसतं ‘गोळ्या दिल्यात’ असं लिहिलंस तर चालणार नाही.

तुझी,
मावशी