स्वभावाला औषध

'स्वभावाला औषध नाही' हे वाक्य मराठी घरांत बहुधा हताश क्षणी उच्चारले जाते. सासऱ्यांचा तापटपणा, धाकट्या दिराचा आळस, एखाद्या मावशीचा संशयी स्वभाव यांच्यापुढे साऱ्यांचे उपाय थकले की कोणीतरी सुस्कारा टाकून ते म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. ताप येतो आणि उतरतो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. होमिओपॅथीने मात्र या म्हणीलाच आव्हान दिले. स्वभावाला औषध आहे, इतकेच म्हणून ती थांबली नाही. औषधालाही स्वभाव असतो, असे तिने सांगितले. माणसाचा स्वभाव आणि औषधाचा स्वभाव जिथे जुळतात, तिथे रोग हटतो, हा तिचा दावा आहे.

या दाव्याची सुरुवात एका भाषांतरापासून झाली. जर्मनीतील माइसेन येथे १७५५ साली जन्मलेले डॉक्टर सॅम्युएल हानेमान १७९० मध्ये कलन या स्कॉटिश वैद्याच्या औषधीविषयक ग्रंथाचे भाषांतर करीत होते. हिवतापावर सिंकोनाची साल का गुणकारी ठरते, याचे कलन यांनी दिलेले कारण त्यांना पटले नाही. त्यांनी निरोगी असताना स्वतःच ती साल घेतली आणि आपल्याला हिवतापासारखीच लक्षणे जाणवल्याची नोंद केली. जे निरोगी माणसात लक्षणे उत्पन्न करते तेच तशाच लक्षणांच्या रोग्याला बरे करते, हे सूत्र त्यांनी १७९६ मध्ये मांडले आणि १८१० मध्ये 'ऑर्गेनन' या ग्रंथात त्याचे शास्त्र रचले. पुढे ते, त्यांचे शिष्य आणि स्नेही निरनिराळी द्रव्ये घेऊन आपल्या देहात व मनात काय घडते ते लिहून ठेवू लागले. डोके कोणत्या बाजूला दुखते, तहान किती लागते, याबरोबरच रडू केव्हा येते, कोणाचा सहवास नकोसा होतो, याचीही टिपणे झाली. हानेमान यांनी पुढे बजावले की, रोग्याची मनःस्थिती वगळून औषध निवडू नये; शांत, समतोल प्रकृतीच्या माणसाला ॲकोनाइट किंवा मवाळ, थंड स्वभावाच्या माणसाला नक्स व्होमिका क्वचितच लागू पडेल.

हानेमान यांनी खुणा दिल्या. त्यांतून पूर्ण व्यक्तिचित्रे उभी केली ती नंतरच्यांनी. कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये एका जहाल सापाच्या विषाची परीक्षा केली आणि त्यातून लॅकेसिस हे औषध आले. अमेरिकेतील जेम्स टायलर केंट यांची या विषयावरील व्याख्याने १९०५ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. इंग्लंडमधील मार्गारेट टायलर यांनी १९४२ मध्ये या चित्रांचा एक जाडजूड संग्रहच सिद्ध केला. हे ग्रंथ औषधांच्या कोशासारखे वाचायला घ्यावेत आणि कथासंग्रहासारखे वाचून काढावेत, असे आहेत.

गंधकापासून झालेला सल्फर हा त्यातला फाटक्या कपड्यांतला तत्त्वज्ञ. अंगावरच्या सदऱ्याची त्याला शुद्ध नसते. जगाच्या उत्पत्तीची मात्र चिंता असते. दुपारी अकराच्या सुमारास त्याच्या पोटात खड्डा पडतो, रात्री तळपाय जळजळतात आणि तो ते पांघरुणाबाहेर काढतो. याच्या अगदी उलट सोमलाचा आर्सेनिकम. भिंतीवरची तसबीर तिरपी दिसली तरी तो आजारपणात उठून सरळ करील. मध्यरात्रीनंतर त्याची तगमग वाढते, पाणी घोटघोट लागते, आणि आपण आता वाचत नाही, याविषयी त्याची खात्री पटलेली असते. काजऱ्याच्या बियांपासून होणारा नक्स व्होमिका म्हणजे कचेरीत रात्री उशिरापर्यंत बसणारा, चहा-कॉफीवर जगणारा, हाताखालच्यांवर खेकसणारा कर्तबगार गृहस्थ. लायकोपोडियम बाहेर चारचौघांत आतून धास्तावलेला असतो आणि घरी मात्र सगळ्यांना धाकात ठेवतो. संध्याकाळी चार ते आठ हा त्याचा वाईट काळ. पल्सेटिला चटकन रडते, कोणी पाठीवरून हात फिरवला की तितक्याच चटकन सावरते. तिला तहान नाही, कोंदट खोली सोसत नाही. फॉस्फरस सर्वांवर जीव टाकतो, गार पाणी मागतो आणि मेघगर्जनेला भितो. कालवांच्या शिंपल्यापासून केलेला कॅल्केरिया कार्ब मंद, जाडसर, झोपेत डोक्याला घाम येणारा. त्याला कामाची घाई सोसत नाही, पण एकदा हाती घेतलेले तो सोडीत नाही. लॅकेसिसला गळ्याभोवती कापड सहन होत नाही, आणि तिच्या बोलण्याला खंड नाही.

ही चित्रे वाचताना वाचकाला आपले आप्त दिसू लागतात, हेच त्यांचे मोठे आकर्षण. आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ अशा तीन दोषांवरून प्रकृती मांडल्या, ग्रीकांनी चार द्रवांवर मानवी स्वभाव तोलले; इथे मात्र शेकडो साचे आहेत आणि प्रत्येकाला झोपण्याची कूस, आवडीची चव आणि भीतीची वेळसुद्धा आहे. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण कोणी इतक्या अक्षरशः घेतली नसेल. तथापि हे साचे कोणत्या समाजात पडले, हेही त्यांच्यावर उमटलेले आहे. जुन्या ग्रंथांतली पल्सेटिला सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची असते. भारतातल्या वैद्यांनी तिचे केस आणि डोळे गाळले, रडणे तेवढे ठेवले, आणि चित्र इथेही चालू लागले.

भारतात या चिकित्सेने खरे मूळ धरले ते बंगालमध्ये. राजेंद्रलाल दत्त यांनी कलकत्त्यात तिचा प्रसार केला. ईश्वरचंद्र विद्यासागर आयुष्याच्या उत्तरार्धात कर्माटांडच्या संथाळांना स्वतः औषधे देत. महेंद्रलाल सरकार यांची कहाणी सर्वांत विलक्षण. कलकत्ता विद्यापीठाची एम. डी. पदवी १८६३ मध्ये मिळवलेला हा डॉक्टर प्रथम होमिओपॅथीचा कडवा टीकाकार होता. दत्तांचे रुग्ण डोळ्यांनी पाहिल्यावर १८६७ मध्ये त्यांनी भर सभेत आपले बदललेले मत सांगितले आणि समव्यवसायींचा बहिष्कार ओढवून घेतला. याच माणसाने १८७६ मध्ये विज्ञानसंशोधनासाठी संस्था स्थापन केली. पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपले जगप्रसिद्ध काम तिथेच केले. दक्षिणेत मंगळूरजवळ कंकनाडी येथे फादर ऑगस्टस म्यूलर यांनी १८८० मध्ये गोरगरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना उघडला. स्वतंत्र भारतात १९७३ मध्ये या पद्धतीसाठी केंद्रीय कायदा झाला आणि २०२० मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. पण कायद्याच्या कितीतरी आधी ती घराघरांत पोहोचली होती: लाकडी पेटीत रांगेने लावलेल्या बुचाच्या कुप्या, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, आणि कोणी निवृत्त कारकून किंवा मास्तर.

असेच एक निवृत्त प्राथमिक शिक्षक १९८० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी राहत. गाव त्यांना गुरुजी म्हणे. पैसा घेत नसत. संध्याकाळी ओटीवर पेटी आणि केंट यांचा ग्रंथ घेऊन बसत. येणाऱ्याला ते प्रथम दुखण्याविषयी विचारीतच नसत. स्वप्ने कशी पडतात, गार आवडते की ऊन, रागावल्यावर बोलता की गप्प राहता, असे त्यांचे प्रश्न असत. खेड्यातल्या माणसांना, विशेषतः बायकांना, असे कोणी कधी विचारलेले नसे. एक वही त्यांनी ठेवली होती. तीत रोग्याच्या नावाऐवजी औषधाचे नाव आणि खाली चार ओळी.

त्या वहीतली एक नोंद गावातल्या एका बाईंविषयी होती. त्यांचे यजमान मचव्यावर गेले ते परतले नव्हते. वर्ष उलटले तरी बाई रडल्या नव्हत्या. डोके मात्र सूर्य चढेल तसे दुखत असे. कोणी समाचाराला आले की त्या उठून आत जात. गुरुजींनी विचारले, "वहिनी, जेवताना वरून मीठ घेता का हो?" बाई म्हणाल्या, "घेते. पण त्याचं काय?" गुरुजींनी ग्रंथ उघडून नेट्रम म्यूरचे, म्हणजे साध्या मिठापासून केलेल्या औषधाचे, वर्णन मराठीत सांगायला सुरुवात केली: याला दुःख झाले की ते आत ठेवतो, कोणी सांत्वन केले तर चिडतो, रडायचे ते एकान्तात. बाई ऐकत राहिल्या आणि तिथेच, ओटीवर, सर्वांसमक्ष रडू लागल्या. गोळी अजून कुपीतच होती.

दुसरी नोंद गुरुजींच्या थोरल्या सुनेविषयी. दोन बाळंतपणे लागोपाठ झालेली, पहाटे पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबणारी ही मुलगी हळूहळू मुकी होत गेली. मुले जवळ आली की तिला नकोशी होत. नवऱ्याशी ती दोन शब्द बोलेना. ग्रंथात हे चित्र हुबेहूब आहे: माकुल माशाच्या शाईपासून केलेले सेपिया, स्वतःच्याच माणसांविषयी उदासीन झालेली, पिवळट, थकलेली स्त्री. गुरुजींचा जीव सुनेवर होता. त्यांनी मायेने दोन पावसाळे तिला सेपिया दिले. घरात सगळे तिला कौतुकाने सेपियाच म्हणू लागले. मग ती माहेरी गेली. तिची वहिनी सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तिने रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन सहा ग्रॅम होते. लोहाच्या गोळ्या, पोटभर अन्न आणि चार महिने विश्रांती एवढ्यावर सेपिया नाहीशी झाली. एक हसरी, काहीशी भांडखोर मुलगी सासरी परत आली. वहीतल्या त्या पानावर पुढे काहीच लिहिलेले नव्हते. मात्र त्यानंतर कोणी थकलेली बाई ओटीवर आली की गुरुजी प्रथम तिला आरोग्य केंद्रात रक्त तपासून यायला सांगत आणि मगच स्वप्नांविषयी विचारीत.

या दोन नोंदींच्या मध्ये होमिओपॅथीचे सारे बळ आणि सारा धोका सामावलेला आहे. विज्ञानाचा निर्णय कठोर आहे. तीस पोटन्सीचे औषध म्हणजे मूळ द्रव्याचे शंभरपटीने तीस वेळा केलेले विरलीकरण. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत आलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितले की, ही चिकित्सा गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. व्यक्तिचित्रांत आपण स्वतःला का ओळखतो, याचेही एक उत्तर मानसशास्त्राजवळ आहे. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र वर्णन म्हणून एकच मजकूर दिला. तो बहुतांशी भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. तो आपल्याला किती लागू पडतो, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. माणसाला आपल्याविषयी कोणी बोलावे, ही भूक इतकी मोठी आहे की ताटात काय वाढले आहे याकडे लक्ष जात नाही.

पण त्या विधवा बाईंचे रडणे खोटे होते, असे यावरून म्हणता येत नाही. वर्षभर गावाने त्यांच्या दुःखाची चर्चा केली होती. ते कसे आहे, हे कोणी विचारले नव्हते. मिठाचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने त्यांना बसायला वेळ दिला आणि दूर कुठल्या देशात छापलेल्या पुस्तकात आपल्यासारखे कोणी आहे, हे कळल्यावर त्यांचे एकटेपण थोडे सैल झाले. त्या श्रेयाचा वाटा कुपीला द्यायचा की ओटीवरच्या अर्ध्या तासाला, याचे उत्तर अवघड नाही. घाईच्या दवाखान्यांत, जिथे रोगी बसतो न बसतो तोच चिठ्ठी हातात पडते, तिथे हा अर्धा तास उरलेला नाही, हे मात्र खरे दुखणे आहे.

सुनेच्या नोंदीतून जे उमगते, ते याहून जड आहे. साचा जितका रेखीव, तितका तो समोरच्या माणसाला झाकतो. पहाटेपासून राबणाऱ्या, उरलेसुरले खाणाऱ्या बाईचे थकणे हा तिचा स्वभाव ठरला की घराला काही बदलावे लागत नाही. पाणी तिनेच भरायचे, शेवटी तिनेच जेवायचे. वर तिच्या उदासीनतेला एक सुंदर लॅटिन नाव. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय घरांतही सेपिया अशाच घडल्या असतील. आणि नाव देण्यासाठी होमिओपॅथीच लागते असेही नाही. तापट, रडवी, आळशी, संशयी ही नावे प्रत्येक घर फुकट वाटत असते.

म्हणून जुन्या म्हणीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. स्वभावाला औषध नाही असे म्हणताना, समोर दिसते तो खरोखर स्वभावच आहे, असे आपण धरून चालतो. तो कधी शोक असतो, कधी भूक, कधी रक्तातले लोह. गुरुजींची पेटी पुढे कोणी चालवली नाही. बुचे सुकली, गोळ्या पिवळ्या पडल्या. सून आता स्वतः सासू झाली आहे. घरात कोणी फार दिवस गप्प राहिले की ती त्या माणसाला काही नाव देत नाही. स्वतःची कामे बाजूला सारून त्याच्याजवळ जाऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तपासणीला घेऊन जाते.