पडसे आणि काढा

थोर व्याधींना वाङ्मयात मान आहे. क्षयाने आणि पटकीने कितीतरी कथानकांना वळणे दिली. बिचाऱ्या पडशाच्या वाट्याला मात्र विनोदी उल्लेखापलीकडे फारसे काही आले नाही. खरे पाहता, एखाद्या घराच्या भाषेचा माग काढायचा असेल तर या क्षुद्र व्याधीइतका विश्वासू वाटाड्या नाही.

काशीत हे विशेष जाणवते. पौष-माघात गंगेवर धुके उतरते, पछुवा वारा सुटतो आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून शिंका ऐकू येऊ लागतात. पिढ्यानपिढ्या येथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत एरवीचे बोलणे हिंदीने बरेच व्यापले आहे. परंतु नाक वाहू लागले की आत्याच्या तोंडी ‘पडसे’च यायचे. हा शब्द संस्कृत ‘प्रतिश्याया’चे झिजलेले रूप. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाला स्वतंत्र अध्याय आहे, आणि सुश्रुताचा गुरू म्हणजे काशिराज दिवोदास धन्वंतरी, अशी परंपरा आहे. तेव्हा काशीच्या नावाशी जोडलेला हा शब्द दक्षिणेत मराठी होऊन पुन्हा काशीला आला, अशी कल्पना करायला मला आवडते.

आमची सून बलियाकडची. तिचा शब्द ‘जुकाम’. तो मूळचा अरबी. आत्याच्या काढ्यात सुंठ, मिरी, तुळस, ज्येष्ठमध आणि पुण्याहून आणून गच्चीतल्या कुंडीत जगवलेला गवती चहा, गोडीला खडीसाखर. सुनेच्या काढ्यात आले, लवंग आणि गूळ. दोघींचा वाद गोडीपुरताच. तिकडे मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत जोशांदा उकळतो. ‘काढा’ हा ‘क्वाथा’पासून आला आणि ‘जोशांदा’ फारसीतून. दोहोंचा अर्थ एकच, ‘उकळलेले’. पातेल्यापाशी भाषा एकमेकींना लगेच ओळखतात.

या उपायांचे सामर्थ्य किती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पडसे दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकामुळे होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. काढा त्या विषाणूंना मारीत नाही; घशाला ऊब देतो, पोटात पाणी जाते, झोप लागते. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला, तेव्हा घरोघरी तो दिवसातून अनेकदा उकळू लागला. आत्याचे प्रमाण मात्र सकाळी एक वाटी, रात्री एक वाटी एवढेच राहिले. वर्षाच्या आतील बाळाला ती मध चाटवू देत नसे, लेकराला वाफाऱ्याच्या पातेल्याजवळ फिरकू देत नसे. आजचे वैद्यकही हेच सांगते. शिंकल्यावर हात धुतल्यावाचून कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, हा तिचा दंडक होता. सोवळ्यातून आलेल्या या नियमाने आमच्या घरात रोगाचा फैलाव किती थांबला असेल, कोण जाणे.

एका माघात वडिलांचे पडसे आठव्या दिवशीही हटेना. ताप पुन्हा चढला, श्वास जलद झाला. आत्याने चुलीवरचे पातेले खाली उतरवले आणि म्हणाली, “दादाचं हे आता पडसं नाही. छातीत गेलंय. काढ्याचं काम संपलं, डॉक्टरांना बोलवा.” फुफ्फुसदाह निघाला. प्रतिजैविके वेळेवर मिळाली, म्हणून वडील वाचले.

घरगुती औषधाचे खरे ज्ञान मला त्या दिवशी दिसले. काय उकळावे हे पुष्कळांना ठाऊक असते. कधी थांबावे हे ज्याला कळते, तोच परंपरा जाणतो. तिचा आंधळा अभिमान बाळगणाऱ्याला आणि तिला हसणाऱ्याला हे दिसत नाही.

आत्या आता नाही. तिचा औषधांचा डबा सुनेकडे आहे. पुड्यांवरची मराठी अक्षरे ती वाचते. मुलेठीला ‘ज्येष्ठमध’ म्हणते. संस्कृतातील ‘यष्टिमधु’ मराठीत येता येता वडीलधारा झाला, याची तिला गंमत वाटते. पातेले कधी उतरवायचे, हेही ती आत्याकडूनच शिकली आहे.