आधी मूल बघ, मग स्टेथो काढ

परतवाडा,
14 डिसेंबर

चि. छोटीस,


परवा फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. ‘मावशी, मूल हातच लावू देत नाही, स्टेथो दिसला की किंचाळतं, मग तपासायचं कधी?’ तेव्हा समोर ओपीडीची रांग होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. आज रविवार आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या प्रश्नातच चूक आहे, छोटी. मूल आईच्या कडेवर बसून दारातून आत येतं तेव्हाच तपासणी सुरू झालेली असते. ते तुझ्याकडे बघतंय का? टेबलावरच्या चावीला हात घालतंय का? की मान आईच्या खांद्यावर टाकलीय? तुला घाबरून जोरात रडणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या मुलाने निम्मी उत्तरं दिलेली असतात. त्याच्या अंगात ताकद आहे, त्याला परकं माणूस कळतंय, रडण्याइतका श्वास त्याच्याकडे आहे. मला धास्ती वाटते ती गप्प मुलाची.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. रेसिडेंट होऊन मला चार महिने झाले होते. हिवाळा होता आणि ओपीडी तुडुंब भरलेली. आठ महिन्यांचं बाळ आईच्या खांद्यावर निपचित होतं. आई म्हणाली, ‘खोकला हाय जी, अन् काल रातीपासून दूध नाही पीत.’ मी स्टेथो लावला. आवाज बरे वाटले. बाळ हूं की चूं करत नव्हतं, आणि मला वाटलं, किती शहाणं बाळ! श्वास मोजले नाहीत. अंगावरचं स्वेटर वर केलं नाही. औषध लिहून पाठवून दिलं. मध्यरात्री ते परत आलं तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाला ते कण्हत होतं. पहाटे ते गेलं. त्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने सकाळीच मला सांगितलं होतं की बाळ दूध पीत नाही, आणि मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं.

म्हणून आता कागदावर दुसरं काही लिहिण्याआधी मी चार गोष्टी विचारते: पितंय का, प्यायलेलं सगळं ओकतंय का, झटका आला होता का, आणि नेहमीपेक्षा सुस्त आहे का. यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं, तर ते मूल मी घरी पाठवत नाही.

आता श्वासांबद्दल. मूल आईच्या मांडीवर असू दे, झोपलेलं किंवा शांत असलेलं उत्तम. झबलं वर करून छाती-पोट उघडं ठेव आणि पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही, आणि मोजताना एक चुकला तर उत्तरात चार चुकतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असतील, तर ते जलद. अगदी लहान बाळात साठ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर पुन्हा एकदा मोज. रडत असलं तर थांब, शांत होऊ दे.

इथल्या बाया सांगतात, ‘लेकराचं पोट उडून राह्यलं.’ ते हसण्यावारी नेऊ नकोस, पण नुसतं पोट हलताना बघून घाबरूही नकोस, कारण तान्ही बाळं पोटानेच श्वास घेतात. नजर बरगड्यांच्या खालच्या काठावर ठेव. श्वास आत घेताना छातीचा तो भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जात असेल, तर फुप्फुसं कडक झालीत आणि बाळ ओढून ओढून श्वास घेतंय. सूं सूं आवाज येत असेल तर आधी दम्याचं औषध वाफेतून किंवा पंपाने देऊन बघ, मग पुन्हा मोज. कित्येकदा आकडा खाली येतो आणि अँटिबायोटिकची गरजच उरत नाही.

श्वासांचे हे आकडे मोठ्या शहरातल्या यंत्रांपाशी बसून ठरलेले नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे. 1980 च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रे नसलेल्या ठिकाणी न्यूमोनिया कसा ओळखायचा, याचा शोध घेतला आणि जलद श्वासाला महत्त्व दिलं. आपल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तेच गावागावांत नेलं. आरोग्यसेवक आणि दायाही न्यूमोनिया ओळखून तोंडाने घ्यायची औषधं देऊ लागल्या आणि बालमृत्यू कमी झाले. 1990 साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. मोजणी अवघड जाणाऱ्या बायांसाठी त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वासमापकही बनवलं. कधी शाळेत न गेलेली दाई जे नेमाने करते, ते मी एमबीबीएस होऊन त्या दिवशी केलं नव्हतं. ही बोच अजून गेलेली नाही.

जुलाबाची मुलं तुला पावसाळ्यात भरपूर दिसतील. आईबाप सलाइन मागतील. तेव्हा दिलीप महालनोबीस आठव. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं द्रावण, म्हणजे आपलं ओआरएस, पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत शिरते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं, एवढीच ती युक्ती आहे.

पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोड. घडी दोन सेकंदांपेक्षा जास्त राहिली, डोळे खोल गेलेत आणि मूल सुस्त आहे किंवा पिऊ शकत नाही, तर शिरेतून सलाइन लावायलाच हवं, तिथे वेळ घालवू नकोस. पण मेळघाटातल्या कुपोषित मुलाची कातडी अशीही सैल असते आणि गुटगुटीत मुलाची लपवाछपवी करते, म्हणून नुसत्या चिमट्यावर विसंबू नकोस. मूल चिडचिडं असेल, पाण्यासाठी आसुसलं असेल, तर किलोमागे 75 मिली ओआरएस चार तासांत, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. आईला विचार, ‘पाकीट कशात घोळता?’ आणि भांडं दाखवायला सांग. लिटरचं पाकीट ग्लासात घोळलं तर ते औषध राहत नाही, मुलाच्या रक्तातलं मीठ चढतं. सोबत 14 दिवस झिंक; सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर 10. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात, म्हणून आधीच बजावून ठेव.

तापाचं थोडक्यात सांगते. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही; किलोला 15 मिलिग्रॅम, आणि बाटलीवर पाच मिलीत किती आहे ते दर वेळी स्वतः वाचायचं. एकच नाव असलेल्या दोन बाटल्यांची ताकद वेगळी असते. डेंगीच्या दिवसांत ताप उतरला की आई खूश होते. तू मात्र तेव्हा जास्त जागी राहा. पोट दुखतंय का, सारखं ओकतंय का, हातपाय गार आहेत का, लघवी कधी केली, हे सगळं विचार.

आणि साध्या सर्दी-खोकल्याला सिरप लिहू नकोस. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची मुलं किडन्या बंद पडून नागपूरला येत होती. सिरपमध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. त्या मुलांपैकी बहुतेकांचा मूळ आजार आपसूक बरा होणारा होता, हे मनातून जात नाही. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका असं कळवलं. ‘काहीतरी लिहून द्या’ असा आग्रह होईल. तेव्हा पाच मिनिटं बसून नाक मिठाच्या पाण्याने कसं मोकळं करायचं ते दाखव, आणि श्वास वाढला, पिणं थांबलं तर रात्री-अपरात्री परत यायला सांग. त्या वाक्यासाठी आई तुला कायम लक्षात ठेवेल.

ताईबरोबर माझं जुनं घड्याळ पाठवतेय. सेकंदकाटा ठळक आहे. पट्टा सैल होईल, एक भोक पाडून घे.

पुढच्या रविवारी फोन कर. वॉर्डातल्या एका मुलाबद्दल सांग. निदान काय झालं ते शेवटी. आधी सांग, ते आईच्या मांडीवर कसं बसलं होतं.

तुझी,
मावशी