वर बर्फ, खाली पाऊस



हवामानाचा अंदाज ऐकल्यावर आपल्या गावात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, "मागे सांगितले तेव्हा टिपूसही पडला नाही, आता कशाला ऐकायचे?" दुसरा दिवसभर आभाळाकडे बघत बसतो आणि हाताने काहीच करीत नाही. विस्ताराच्या कामात इतकी वर्षे गेली, पण अंदाज कानावर पडताच घरातल्या घरात कामांची वाटणी करणारे कुटुंब मला नीट बघायला मिळाले ते दूर हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात. त्यांच्यापासून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून आज ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर संपता संपता अकोले तालुक्यातील चौदा शेतकऱ्यांना घेऊन मी तिकडे सफरचंदाच्या अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. शिमल्याहून सतलज नदीच्या काठाने रस्ता जातो. जिल्ह्याचे ठाणे रिकांगपिओ, आणि त्याच्याही वर कल्पा हे गाव, सुमारे २९०० मीटर उंचीवर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे ज्या शिखरावर चढून आपण महाराष्ट्राच्या माथ्यावर आलो असे म्हणतो, ते या गावाच्या हजारभर मीटर खाली राहील. समोर किन्नर कैलासाची ६००० मीटरची रांग. त्या भागात एका बागवानाकडे आम्ही दोन दिवस उतरलो होतो. बागायतदाराला तिकडे बागवान म्हणतात.

त्याची शेती तीन ठिकाणी. गावाच्या वर उशिरा पिकणारी सफरचंदाची बाग, गावाजवळ घराचे आवार व गवताचा उतार, आणि खूप खाली, नदीच्या बाजूला, थोडी धान्याची जमीन. खालचे पीक निघून गेले होते. वरच्या बागेत मात्र तिसरा हिस्सा फळ अजून झाडावर होते. गवत कापून उतारावर वाळत होते. घराच्या छपरावर राजम्याच्या शेंगा पसरल्या होत्या.

त्या संध्याकाळी अंदाज आला, की परवा रात्रीपासून मध्यम उंचीच्या डोंगरांवर पाऊस आणि उंच डोंगरांवर बर्फ पडेल. ही मंडळी अंदाज ऐकतात ती उंचीच्या हिशेबाने. वर चढत गेले की हवा थंड होत जाते, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. त्यामुळे एकाच ढगातून वर बर्फ पडतो आणि नदीकाठी नुसता पाऊस. एकाच घराला एक अंदाज तीन तऱ्हेने लागू होतो. वरच्या बागेला तो धोका, गवताला नासाडी, आणि खालच्या जमिनीत जव पेरून ठेवले तर तोच पाऊस उपयोगाचा.

जेवताना घरात चांगलाच वाद झाला. बागवानाचा मुलगा म्हणत होता, "आणखी चार दिवस थांबू. फळाला रंग चढेल, पेटीला भाव बरा येईल." बाप म्हणाला, "उद्यापासूनच तोडायचे." बागवानाची बायको आतापर्यंत वाढत होती. ती म्हणाली, "सफरचंदाचे नंतर बोला. गवत भिजले तर जानेवारीत गाईला काय घालू? रस्ता बंद झाला की चारा कोण आणून देणार आहे?" म्हातारी आजी कोपऱ्यातून म्हणाली, "आणि माझा राजमा?" मजूर म्हणाल तर दोन नेपाळी गडी, बाकी घरचीच माणसे.

मी बागवानाला विचारले, "बर्फ आलाच नाही तर?" त्याने दिलेले उत्तर मी तेव्हाच वहीत टिपून घेतले. तो म्हणाला, "साहेब, आला नाही तर लवकर तोडल्यामुळे पेटीमागे थोडे पैसे कमी येतील. आला तर वीस वर्षांची फांदी मोडेल. फळ पुढच्या वर्षी पुन्हा येईल, फांदी कुठून आणू?"

यात अतिशयोक्ती नव्हती. काश्मीरमध्ये ३ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ रोजी असाच लवकर बर्फ पडला. झाडावर पाने होती, काही बागांत फळही होते. पानांवर ओला बर्फ साचला, त्या ओझ्याने फांद्या तुटल्या, कित्येक झाडे मधोमध चिरली. हाच बर्फ पानगळ झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत पडला, तर बागवान त्याला पांढरे खत म्हणतात. तो हळूहळू विरघळून जमिनीत मुरतो, आणि सफरचंदाला हिवाळ्यात जी हजार-बाराशे तासांची थंडी लागते ती मिळायलाही हातभार लागतो. म्हणजे बर्फ चांगला की वाईट, हे तारखेवर ठरते.

शेवटी वाटणी झाली ती अशी. सकाळी गवतावर आणि फळावर दहिवर गोठलेले असते, म्हणून ऊन येईपर्यंत ना गवताला हात लावायचा, ना फळाला. त्या वेळात दोघांनी खाली जाऊन जव पेरायचे आणि आजीने राजमा आत घ्यायचा. ऊन आले की बायकांनी गवत आणि पुरुषांनी वरची बाग. निवडणे आणि पेट्या भरणे अजिबात करायचे नाही, कारण ते काम छपराखाली होते, पाऊस पडत असतानाही करता येते. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपण घाईच्या दिवशी नेमके घरात होणारे काम करीत बसतो आणि उघड्यावरचा माल उघड्यावरच राहतो.

आमच्या शेतकऱ्यांनीही दोन्ही दिवस हात लावला. भाताच्या भाऱ्यांची सवय असलेल्या आमच्या गड्यांना गवताचे भारे काही जड गेले नाहीत. दुसऱ्या रात्री पाऊस सुरू झाला. पहाटे वरच्या बागेत चार बोटे ओला बर्फ होता. थांबू म्हणणारा मुलगाच सगळ्यांच्या आधी वर गेला आणि काठीला चिंध्या गुंडाळून फांद्या हलवत सुटला. कडेच्या पाच-सहा झाडांचे फळ राहून गेले होते, ते स्वस्तात द्यावे लागणार होते. एक फांदी गेली. बाकी बाग उभी होती, आणि गवत कोरडे गोठ्याच्या माळ्यावर होते.

आता आपल्याकडचे बघू. तिकडे हा पाऊस-बर्फ आणतात त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने ते पूर्वेकडे सरकत हिमालयावर येऊन आदळतात. ते पुढे सरकले की बर्फाळ डोंगरांवरून येणारे उत्तरेचे वारे पुष्कळदा एक-दोन दिवसांत आपल्यापर्यंत पोचतात आणि निफाडकडे पारा घसरल्याची बातमी येते. कधी झंझावाताची आणि समुद्रावरून आलेल्या दमट वाऱ्याची गाठ आपल्याच भागावर पडते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडून द्राक्षबागांची धूळधाण झाली, ती अशा गाठीमुळेच. तिकडच्या प्रत्येक बर्फाने इकडे काही घडते असे नाही. पण ऑक्टोबर अखेरपासून उत्तरेच्या बातमीकडे कान असावा.

हवामान खात्याचे रंगही नीट समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच कामाला लागा. पिवळा दिसताच आपला हिशेब मांडावा. हळवे भात घरात आले असेल, पण गरवे कापायचे असेल तर दोन दिवस थांबता येईल का? कापून पडलेले भारे आधी खळ्यावर नेऊन झाकता येतील का? कांद्याच्या रोपवाटिकेतून पाणी निघून जायला चर आहे का? कडबा आणि पेंढा कुठे आहे? फवारणी उद्यावर ढकलली तर औषध वाया जाण्याचे वाचेल का? द्राक्षबाग असेल आणि थंडीची लाट येणार असेल, तर पहाटे ठिबक चालवायची आणि बागेत शेकोट्या करायची तयारी आहे का?

या प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा, की अंदाज चुकला तर माझे किती जाईल आणि खरा ठरला तर किती जाईल? मजुरी जाणार असेल तर जाऊ द्यावी. वर्षाचे पीक किंवा जनावराचा चारा जाणार असेल तर दुसऱ्या खात्रीची वाट बघू नये.

आणि हा हिशेब पुरुषांनी पारावर बसून करू नये. कोणत्या कोपऱ्यात काय वाळत घातले आहे, कोणत्या गाईला किती चारा लागेल, हे घरातल्या बायकांना जास्त ठाऊक असते. यंदा अंदाज ऐकलात की आधी घरात जाऊन विचारा, "आपले उघड्यावर काय काय आहे?"